आज पातळी किती? डायलिसिसच्या रुग्णगटात नॅरेटिव्ह थेरपी वापरताना

दवाखान्यातले रुग्णगट बहुतेक एकाच साच्यात बसतात. डॉक्टर येऊन पंधरा मिनिटं बोलतात, आहारतज्ज्ञ केळं आणि शहाळ्यावर फुली मारलेला तक्ता दाखवतात, मग "कुणाला काही शंका?" मागून कुणीतरी विचारतं, "साहेब, चार बेदाणे खाल्ले तर चालतंय का?" सगळे हसतात, चहा होतो आणि माणसं एसटी गाठायला उठतात. तक्ता खरा असतो, डॉक्टरही मनापासून बोललेले असतात. तरी पुढच्या महिन्यात खुर्च्या रिकाम्या दिसतात, आणि जे येतात त्यांना शेजारच्याचं गाव कोणतं हेही माहीत नसतं.

असा गट नव्यानं अंगावर आलेल्यांसाठी हे लिहितो आहे. म्हणजे समाजसेवा अधीक्षक, डायलिसिसचे टेक्निशियन, सिस्टर, एमएसडब्ल्यूचे (समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासाचे) विद्यार्थी, किंवा "तुम्हाला चांगलं बोलता येतंय, तुम्हीच घ्या" म्हणून पुढं ढकललेला एखादा जुना पेशंट. उदाहरण मुद्दाम डायलिसिसचं घेतलं आहे. सांगली-मिरजेत त्यासाठी जत, आटपाडी, कवठेमहांकाळपासून ते पलीकडं अथणीपर्यंतची माणसं आठवड्यातून दोन-तीनदा येतात, एका वेळी चार-चार तास मशीनला जोडलेली असतात आणि वर्षानुवर्षं तीच तोंडं पाहतात. एकत्र बसण्याचे तास इतके दुसऱ्या कुठल्या आजारात क्वचितच मिळतात. एकत्र येणं मात्र त्यातून आपोआप होत नाही. (पुढं जी बोलणी दिली आहेत, ती नमुन्यादाखल रचलेली आहेत. कुणा एकाची ती नाहीत.)

गट जमत नाही याचं माझ्या मते मोठं कारण म्हणजे सल्ला. आपल्याकडं आजारी माणसाला भेटायला जाणं म्हणजे त्याला सल्ला द्यायला जाणं. गटात तेच होतं. नव्यानं फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचता याव्यात म्हणून हातातल्या रक्तवाहिन्या जोडण्याचं छोटं ऑपरेशन) केलेला पोरगा तोंड उघडतो, की तीन जुने पेशंट त्याला शिकवायला लागतात. पोरगा गप्प होतो. मग जुन्यांची आपापसात चढाओढ लागते, कुणाचं क्रिएटिनिन (किडनी किती बिघडली ते दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा) किती होतं आणि कोण किती वर्षं टिकलाय. दोघं-तिघं बोलतात, बाकीचे मोबाइल बघतात. नॅरेटिव्ह थेरपी, म्हणजे माणसाच्या स्वतःच्या गोष्टीतून वाट काढणारी समुपदेशनाची पद्धत, इथं उपयोगी पडते, कारण ती सल्ल्याच्या जागी प्रश्न ठेवते आणि माणसाला बाजूला बसवून त्रासाला मध्यभागी आणते. सगळ्यांच्या नजरा एकमेकांवरून उठून त्या त्रासाकडं वळल्या, की गट म्हणून काम सुरू होतं.

ही पद्धत आली कुठून

ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडचे मायकेल व्हाइट आणि न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचे डेव्हिड एप्स्टन या दोघांनी १९८०च्या दशकात ती घडवली. दोघंही मुळात कुटुंबांबरोबर काम करणारे. माणूस म्हणजे समस्या नव्हे, समस्या हीच समस्या आहे, हे त्यांचं मूळ सूत्र. ऐकायला सोपं, वागायला अवघड, कारण दवाखान्याची सगळी भाषा उलटी चालते. "हा पेशंट ऐकत नाही", "ती नॉन-कंप्लायंट आहे" (म्हणजे सांगितलेलं पाळत नाही) अशी वाक्यं केसपेपरवर रोज लिहिली जातात.

गटाच्या दृष्टीनं दोन प्रयोग लक्षात ठेवण्यासारखे आहेत. ऑकलंडमध्ये एप्स्टन यांनी अन्न सोडण्याच्या आजाराशी झुंजणाऱ्या मुलींची पत्रं, टेप, टिपणं जमवून एकमेकींना वाचायला दिली. त्यातून आजाराविरुद्धची एक फळीच उभी राहिली आणि एकीचं शहाणपण दुसरीच्या कामाला आलं. आफ्रिकेतल्या मलावीत १९९०च्या दशकात गावोगाव एक जण 'एड्स' होऊन बसायचा आणि गावकरी त्याला उलटसुलट प्रश्न विचारायचे. आपल्याला यात परकं वाटण्यासारखं काही नाही. भारुडात काम-क्रोध विंचू होऊन येतो, तो चावतो, पण चावलेल्या माणसाला कुणी विंचू म्हणत नाही.

बैठकीच्या आधी

वेळ ठरवणं हे या कामातलं सगळ्यात दुर्लक्षित काम आहे. डायलिसिस संपल्यावर माणूस गळून गेलेला असतो, त्याला तेव्हा बसवू नका. बऱ्याच ठिकाणी सोमवार-बुधवार-शुक्रवार अशी एक बॅच आणि मंगळवार-गुरुवार-शनिवार अशी दुसरी असते. या दोन बॅचची माणसं एकमेकांना कधीच भेटत नाहीत. रविवार दोघांनाही मोकळा. पण सोमवारच्या बॅचचा तो दोन डायलिसिसमधल्या मोठ्या खंडातला दुसरा दिवस असतो. अंगात पाणी साठलेलं, पाय सुजलेले, दम लागायला लागलेला. म्हणून बैठक रविवारी सकाळी, पहिल्या मजल्यावर न ठेवता तळमजल्यावर, आणि दीड तासाच्या आत संपणारी ठेवा. शेवटच्या एसटीचा विचार करू नका, सोयीच्या एसटीचा करा. ज्याला दम लागतोय किंवा ज्याचं वजन (साठलेल्या पाण्यामुळं) फारच वाढलंय, त्याला बैठकीत बसवण्याआधी सिस्टरना दाखवा. गट त्यानंतर.

चहाचं बघा. लघवी जवळजवळ बंद झालेल्या माणसाला दिवसभरात सगळं मिळून अर्धा ते एक लिटरच द्रवपदार्थ चालतो, नेमका आकडा त्याचे डॉक्टर ठरवतात. तुमचा एक कप चहा म्हणजे त्याच्या दिवसाच्या वाट्यातला मोठा घास. पाहुणचार म्हणून भरलेला कप पुढं केला तर तो नाही म्हणू शकत नाही, आणि घेतला तर दिवसभर हिशोब करत बसतो. लहानात लहान कप आणा, तोही अर्धा भरा, आणि आधी विचारा. भडंगाची पिशवी कुणी प्रेमानं आणली तर ती नातेवाइकांकडं द्या, त्यातलं मीठ तहान वाढवतं. केळी नकोत, शहाळी नकोत, तासगावचे बेदाणे नकोत, या तिन्हींत पोटॅशियम जास्त.

आठ ते दहा माणसं पुरेत. खुर्च्या गोल मांडा. फळा हवाच, नसेल तर भिंतीला चिकटवलेला कागद. सीमेकडचे पेशंट असतील तर कन्नड आणि मराठी दोन्ही येणाऱ्या एकाला शेजारी बसवा. तो गटातलाच असला तर उत्तम.

नियम थोडे सांगा आणि पहिल्याच दिवशी सांगा. इथलं बोलणं बाहेर जाणार नाही. न बोलण्याचा हक्क आहे. कुणी विचारल्याशिवाय सल्ला नाही. औषधाचे डोस आणि गावठी उपाय इथं ठरणार नाहीत, त्याला डॉक्टर आहेत. एचआयव्हीचा गट असेल तर गुप्ततेला २०१७च्या कायद्याचंही बळ आहे. संमतीवाचून कुणाची माहिती फोडणं हा तिथं शिष्टाचाराचा प्रश्न उरत नाही.

पहिली पायरी: त्रासाला नाव

"तुम्हाला काय होतंय?" या प्रश्नानं सुरुवात केली तर रिपोर्ट ऐकायला मिळतील. त्याऐवजी विचारा, "या आजारपणात तुमच्या घरात कोण नवीन माणूस राहायला आल्यासारखं वाटतं? त्याच्यामुळं सगळ्यात जास्त काय बिघडलं?" काही जण अशक्तपणाचं सांगतील, काही पैशाचं, काही भीतीचं. डायलिसिसच्या गटात बहुतेक वेळा फिरून फिरून सगळे तहानेवर येतात. एका वेळी एकच त्रास घ्या, जो सगळ्यांच्या ओळखीचा आहे तो.

मग त्याला नाव द्यायला सांगा. इथं घाई करू नका, आणि मुख्य म्हणजे तुम्ही नाव सुचवू नका. पुस्तकी नाव गटाला चिकटत नाही. समजा, आटपाडीचे एक आबा म्हणाले, "ती सटवी हाय, रात्री दोनला उठवती." सगळे हसले. पण कोपऱ्यातल्या काकू म्हणाल्या, "शिव्या द्यायला बाईच कशाला पायजे? हावऱ्या म्हणा की." गटाला पटलं. फळ्यावर 'हावऱ्या' लिहिलं. एवढ्या एका देवाणघेवाणीत गटानं पहिला निर्णय मिळून घेतला, हे तुम्ही टिपून ठेवा.

इथून पुढं तुमचं व्याकरण सांभाळा. "तुम्ही जास्त पाणी का पिता?" असं म्हणायचं नाही. "हावऱ्या कधी येतो? येताना काय सांगत येतो?" असं विचारायचं. उत्तरं एकदम वेगळी येतात. "म्हणतो, एक घोटानं काय हुतंय." "म्हणतो, तसंबी किती दिवस ऱ्हायलेत, पी." हे दुसरं वाक्य आलं की दोन क्षण थांबा, पुढच्या माणसाकडं लगेच वळू नका. माणूस हे स्वतःचं म्हणून कधीच बोलला नसता. हावऱ्याच्या तोंडून तो ते बोलू शकला.

गट थोडा मोकळा झाला असेल तर हावऱ्याची मुलाखत घ्या. एक जण हावऱ्या होऊन मधल्या खुर्चीत बसतो, बाकीचे वार्ताहर. "तुम्हाला कुणाच्या घरी जायला आवडतं?" "ज्याच्या घरी लोणचं जास्त खात्यात." "तुम्ही कुणाला घाबरता?" "त्या वाटीनं मोजून पिणाऱ्या म्हातारीला." नाट्यपंढरी म्हणवणाऱ्या सांगलीत या कामाला माणसं मिळायला वेळ लागत नाही. मात्र हावऱ्या झालेल्या माणसाला शेवटी खुर्चीतून उठवून त्याच्या खऱ्या नावानं हाक मारा आणि पुन्हा आपल्या जागी बसवा. हे विसरलात तर तो उरलेली बैठकभर चेष्टेचा विषय होतो.

एक सावधगिरी. त्रास वेगळा काढला म्हणून जबाबदारी वेगळी निघत नाही. "मी कुठं प्यायलो, हावऱ्यानं पाजलं" असं कुणी हसत म्हणालं तर तुम्हीही हसा आणि लगेच विचारा, "त्यानं ग्लास पुढं केला तेव्हा तुमचा हात कुठं होता?" त्रास समोर उभा केला की त्याच्याशी कसं वागायचं हे ठरवता येतं, यासाठी हा खटाटोप.

दुसरी पायरी: त्यानं कुठं कुठं पाणी शिरवलं

आता त्या त्रासाचे परिणाम मांडायचे. शरीरावर, झोपेवर, घरात, कामावर, देवाधर्मावर, लग्नकार्याला जाण्यावर. यासाठी गटाला ओळखीचं माप लागतं. 'एक ते दहा' ही पट्टी सुशिक्षितांची. सांगलीत पावसाळ्यात माणूस माणसाला भेटला की आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पाण्याची पातळी विचारतो. ४० फुटांवर इशारा आणि ४५ वर धोका हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. तीच पट्टी फळ्यावर उभी काढा. "काल रात्री पातळी किती होती?" "त्रेचाळीसला गेली होती, पण उतरली." मग पुढचा प्रश्न आपोआप येतो, "उतरली कशानं?"

हे माप वापरण्याआधी गटाला विचारा. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या आसपास गेलं तेव्हा ज्यांचं घर बुडालं, त्यांना ही चेष्टा वाटू शकते. कुणी नको म्हटलं तर दुसरं माप घ्या, वाद घालू नका. साताऱ्याकडं काम करत असाल तर तिथल्या माणसांना घाटाचे टप्पे जास्त जवळचे वाटतील.

परिणाम लिहून झाले की दोन प्रश्न विचारायचेच, नवे लोक ते हमखास गाळतात. एक, "हे जे झालं, ते तुम्हाला चालतंय का?" उत्तर उघड आहे असं आपण धरून चालतो. पण एखादा म्हणतो, "रात्रीची झोप गेली त्याचं काय न्हाई, पण नातवाला खांद्यावर घेता येईना, ते चालत न्हाई." दुसरा प्रश्न, "ते का चालत नाही?" इथं माणूस त्याला काय मोलाचं आहे ते सांगतो. फळ्यावर हे वेगळ्या खडूनं लिहा. तहान सगळ्यांची सारखी असते. कुणाला नातवासाठी उभं राहायचंय, कुणाला पुन्हा वारीला जायचंय, कुणाला ट्रॅक्टर चालवायचाय. गट एकमेकांना इथं पहिल्यांदा ओळखतो.

तिसरी पायरी: जेव्हा त्याचं चाललं नाही

प्रत्येक त्रासाच्या गोष्टीत असे प्रसंग असतातच की तेव्हा त्रासाचं काही चाललं नाही. ते शोधायचे. "कधी असं झालं का, की हावऱ्या दारात आला आणि परत गेला?" पहिलं उत्तर बहुधा "तसं काय न्हाई" हेच येतं. थांबा. सिस्टरकडून वजनाची वही आधी बघून ठेवली असेल तर विचारता येतं, "मागच्या मंगळवारी तुमचं वजन फक्त दीड किलो वाढलेलं होतं. त्या तीन दिवसांत काय चाललं होतं?" हे विचारायला पेशंटची परवानगी आधी घ्या, सगळ्यांदेखत आकडा काढू नका.

समजा, जतकडच्या एक मावशी म्हणाल्या, "काय न्हाई, सकाळीच तांब्या भरून ठिवला, त्यातलंच दिवसभर पुरवलं." नवा संयोजक इथं "वा, छान!" म्हणून पुढं जातो. तसं केलं की गोष्ट तिथंच संपते. शाबासकीनं तुम्ही परीक्षक होता आणि मावशी विद्यार्थिनी. त्याऐवजी विचारत जा. तांब्या कितीचा? पुरवायचं म्हणजे कसं? दुपारी संपत आला तर काय केलं? हे कुठं शिकलात?

या शेवटच्या प्रश्नावर खरं घबाड उघडतं. मावशी सांगतात, त्यांच्या गावाला टँकर चार-चार दिवसांनी यायचा. सासू घागरींवर खडूनं रेघा मारायची, ही प्यायची, ही जनावराची, ही भांड्याची. भांडं धुतलेलं पाणी झाडाला. बोलता बोलता आटपाडीचे आबा मध्येच म्हणतात, "आमच्यात तर पावण्याला पाणी इचारायच्या आदी गूळ द्यायचे, म्हंजी घोटावर भागायचं." आता बघा काय झालं. ज्या माणसांना दवाखाना 'ऐकत नाहीत' म्हणतो, ती माणसं पाणी पुरवण्यात आयुष्यभर तरबेज आहेत. दुष्काळात शिकलेली ही विद्या त्यांनी आजाराशी कधी जोडली नव्हती, कारण कुणी तसं विचारलंच नव्हतं. गूळ मधुमेह असलेल्याला चालणार नाही, ते आहारतज्ज्ञ बघतील. पण घागरीवरच्या रेघा बाटलीवर येऊ शकतात, आणि त्या मावशींच्या सासूबाईंच्या नावानं येतात, छापील तक्त्याच्या नावानं नाही.

म्हणून या पायरीला भरपूर वेळ द्या. दोन बैठका गेल्या तरी चालेल. कृती काय केली हे विचारा, मग त्या कृतीमागं काय धरून ठेवलं होतं ते विचारा, मग ते आयुष्यात आणखी कुठं दिसलं होतं, आणि हे कळल्यावर कोणाला आश्चर्य वाटणार नाही. "तुमच्या सासूबाई आज असत्या तर त्यांना नवल वाटलं असतं का?" "न्हाई वं. त्या म्हणल्या असत्या, मीच शिकिवलंय."

चौथी पायरी: साक्षीदार

आता सल्ला बंद करण्याची खरी युक्ती. एक जण बोलतो, संयोजक त्याला प्रश्न विचारतो, आणि बाकीचे फक्त ऐकतात. दहा मिनिटं. मग बोलणारा गप्प बसतो आणि ऐकणाऱ्यांतले तिघं आपसात बोलतात, त्याच्याशी नाही. मायकेल व्हाइट यांनी ही रीत बार्बरा मायरहॉफ या मानववंशशास्त्रज्ञ बाईंच्या कामावरून घेतली. कॅलिफोर्नियातले म्हातारे ज्यू लोक एकमेकांसमोर आपली गोष्ट मांडून 'आम्ही आहोत' हे कसं सिद्ध करतात, ते त्यांनी टिपलं होतं.

ऐकणाऱ्यांनी चारच प्रश्नांची उत्तरं द्यायची. कोणतं वाक्य कानात राहिलं? ते ऐकताना डोळ्यापुढं काय आलं, त्या माणसाला काय महत्त्वाचं असेल असं वाटलं? आपल्या आयुष्यातल्या कोणत्या गोष्टीला ते जाऊन भिडलं? आणि हे ऐकल्यामुळं आपल्यात काय हललं, उद्या काय वेगळं दिसेल?

मराठी माणूस इथं दोन ठिकाणी घसरतो. पहिलं म्हणजे कौतुक, "मावशी लई धीराच्या हायेत." विचारा, "कोणत्या वाक्यावरून वाटलं?" म्हणजे तो परत मावशींच्या शब्दांकडं येतो. दुसरं म्हणजे तिसऱ्या प्रश्नावर स्वतःचीच कहाणी सुरू करून वीस मिनिटं खाणं. हे प्रेमानं पण ठामपणे अडवा, "दादा, तुमचं आपण पुढच्या वेळी पूर्ण ऐकू. आत्ता मावशींच्या कोणत्या शब्दानं तुम्हाला ते आठवलं तेवढं सांगा."

नव्यानं डायलिसिस सुरू झालेला तो गप्प पोरगा एरवी बोलत नाही. साक्षीदार म्हणून बसवलं की बोलतो, कारण त्याला स्वतःबद्दल काही सांगायचं नसतं. "रेघांचं कानात ऱ्हायलं. माज्या आईनं फ्रीजमधल्या सगळ्या बाटल्या लपिवल्यात, मला चोरासारखं वाटतं. रेघा मी मारल्या तर लपवायची गरज पडायची न्हाई." शेवटी पुन्हा मावशींना विचारायचं, हे ऐकून काय वाटलं. जुने शिकवतात आणि नवे ऐकतात ही उतरंड इथं मोडते. मावशींना कळतं की त्यांच्या तांब्यानं एका पोराच्या घरातलं काहीतरी हलवलं.

पाचवी पायरी: वही

गटाचं सगळं बोलणं हवेत जाऊ द्यायचं नसेल तर एक वही करा, दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. तिच्यात गटाच्या शब्दांत गटाची विद्या लिहायची. 'द्रवपदार्थांचे नियोजन' असं लिहू नका. 'हावऱ्या रात्री आला तर आम्ही काय करतो' असं लिहा, आणि खाली माणसं जशी बोलली तशी वाक्यं. लिहून झालं की मोठ्यानं वाचून दाखवा. ज्याचं वाक्य आहे त्यानं बदल सांगायचा, नाव घालायचं का नुसतं 'एक आबा' ते त्यानंच ठरवायचं. नको म्हणाला तर पान फाडायचं, कुरकुर न करता.

वही सिस्टर आणि आहारतज्ज्ञांना एकदा वाचायला द्या. कुणी कुठला काढा सांगितला असेल, कुणी मीठ बंद केलंय म्हणून पोटॅशियमवालं पर्यायी मीठ वापरत असेल, तर ते किडनीच्या पेशंटला धोक्याचं आहे. तिथं त्यांनी समासात शेरा लिहावा, वाक्य खोडू नये.

आणि मग या वहीचा खरा उपयोग. ती सोमवारच्या बॅचकडून मंगळवारच्या बॅचकडं द्या. मंगळवारवाले वाचून उत्तर लिहितात, तुमचं कोणतं वाक्य लागू पडलं, आमच्यात काय वेगळं आहे. चार तास मशीनवर पडल्या पडल्या एकानं वाचायचं आणि शेजारच्यांनी ऐकायचं. ज्याला वाचता येत नाही तो सांगतो, दुसरा लिहितो. कन्नडमध्ये सांगितलेलं कन्नडमध्येच लिहा, खाली मराठी. एरवी न भेटणाऱ्या दोन बॅच अशा एकत्र काम करायला लागतात. पहिल्यांदा डायलिसिसला आलेल्या घाबरलेल्या माणसाच्या हातात माहितीपत्रक देण्याऐवजी ही वही द्या.

नातेवाइकांसाठी वेगळी बैठक घ्या, तीही डायलिसिस चालू असताना पॅसेजमध्येच, ते तिथं बसलेलेच असतात. हावऱ्या नवरा-बायकोच्या मध्ये येऊन बसतो, ती पोलीस होते आणि तो चोर. तिला विचारा, "हावऱ्या यायच्या आधी तुम्ही दोघं जेवताना काय बोलायचा?" किडनी कोण देणार हा विषय मात्र गटात उघडू नका. त्यात घरातल्या सुनेवर, बहिणीवर, बायकोवर कसा दाब येतो हे सगळ्यांना माहीत आहे. तो एकट्यानं, डॉक्टर आणि समुपदेशकासमोर बोलायचा विषय.

जे बोलून सुटत नाही

भाडं, मशीन बंद पडणं, योजनेचं कागदपत्र अडकणं या त्रासांना नावं देऊन गंमत करू नका. यांचं मूळ माणसाच्या मनात नाही. ही पद्धतही तसंच सांगते, त्रास कुठून येतो ते नीट बघा. राज्य सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, एसटीत डायलिसिसच्या पेशंटना सवलत आहे, ते कुणाला मिळत नसेल तर त्याच फळ्यावर अर्ज लिहा आणि सगळ्यांनी सह्या करा. माझ्या अनुभवात अशा एका अर्जानं गट जितका बांधला जातो, तितका चार बैठकांनीही बांधला जात नाही.

"आता डायलिसिस नकोच" असं कुणी म्हणालं तर ते हावऱ्याचं वाक्य म्हणून पुढं ढकलू नका. बैठक दुसऱ्याकडं सोपवा, त्या माणसाला बाजूला घेऊन बसा, जीव द्यायचा विचार येतो का हे सरळ विचारा, एकटं सोडू नका, डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरात लावून ठेवा, मराठीतही बोलता येतं.

आणि माणसं जातात. डायलिसिसच्या गटात हे टळत नाही. पुढच्या बैठकीत खुर्ची गुपचूप काढून टाकणं सगळ्यात वाईट. माणूस गेल्यावर त्याच्याशी नातं तोडायचंच असतं असं नाही, यावर व्हाइट यांनी बरंच लिहिलं आहे. घरच्यांची संमती घेऊन वहीतली त्यांची वाक्यं वाचा आणि विचारा, "आबांचं काय आपल्याकडं राहिलं? ते आपल्याला आता काय म्हणाले असते?" रडू आलं तर येऊ द्या. घरच्यांना त्या पानांची प्रत द्या. अशा दिवशी दुसरा कुठला कार्यक्रम ठेवू नका, आहाराचा तक्ता तर नकोच.

पाच-सहा बैठका झाल्या की खडू तुमच्या हातातून काढून गटातल्या कुणाला द्या. तो प्रश्न चुकीचे विचारेल, सल्ले देईल, मध्येच फोन घेईल. लगेच उठून सावरायला जाऊ नका, गट त्याला सांगतोच, "ओ तात्या, सल्ला न्हाई, प्रश्न इचारा." तुम्ही मागच्या खुर्चीत बसून वही लिहा. मूळ वही सिस्टरच्या टेबलाच्या खणात राहू द्या, नावं काढलेली एक झेरॉक्स पॅसेजमध्ये टांगा, आणि सोबतचा पेन दोऱ्यानं बांधा, नाहीतर तो पहिल्याच आठवड्यात जातो.